पिल्लाचे डोळे चिकटले तर...

मांजर व्याली की घरातल्या मुलांना दुसरे काही सुचत नाही. पिल्लांनी डोळे उघडले का, हे पाहायला दिवसातून दहा वेळा खोक्यात डोकावले जाते. मग एखाद्या सकाळी चारपैकी एका पिल्लाचे डोळे पिवळ्या चिपडांनी घट्ट चिकटलेले दिसतात. घरातली मोठी माणसे म्हणतात, ‘आई चाटेल, आपोआप साफ होईल.’ कधी कधी तसे होतेही. पण पुष्कळदा पापणीमागे पू साठत असतो आणि दोन-तीन दिवसांच्या दिरंगाईत पिल्लाचा डोळा कायमचा जाऊ शकतो. हा आजार वेळेवर ओळखला तर उपचार अवघड नाहीत.

डोळे केव्हा उघडतात?

सात घरे फिरवल्याशिवाय मांजर पिल्लांचे डोळे उघडू देत नाही, असा समज आहे. प्रत्यक्षात जन्मानंतर साधारण ७ ते १४ दिवसांत डोळे उघडतात. ते एकदम उघडत नाहीत. आधी नाकाच्या बाजूने फट दिसते, मग हळूहळू पापण्या सुट्या होतात. सुरुवातीला डोळे निळसर आणि किंचित धूसर दिसतात, त्यात काळजीचे काही नाही. बंद पापण्या सपाट असतील, सूज नसेल, तर त्या बोटांनी उघडण्याचा खटाटोप मुळीच करू नये.

पण न उघडलेल्या पापणीखाली फुगवटा दिसत असेल, किंवा नाकाकडच्या कोपऱ्यातून पिवळा स्राव झिरपत असेल, तर आत पू झाला आहे असे समजावे. अशा पिल्लाला त्याच दिवशी पशुवैद्याकडे न्यावे. पशुवैद्य पापण्या हलक्या हाताने सोडवून आतला पू धुऊन काढतात. पू आतच राहिला तर बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याला, म्हणजे कॉर्नियाला, इजा होते.

संसर्ग येतो कुठून?

मांजरांमधला हर्पीस विषाणू हे याचे एक मोठे कारण आहे. एकदा लागण झाली की हा विषाणू बहुतेक मांजरांच्या शरीरात जन्मभर दबा धरून राहतो. बाळंतपणाचा आणि अंगावर पाजण्याचा ताण पडला की तो पुन्हा डोके वर काढतो. आई वरून ठणठणीत दिसते, पण तिच्यापासून पिल्लांना लागण होते. यात शिंका, वाहणारे नाक, ताप आणि कॉर्नियावर जखम अशी लक्षणे दिसतात.

दुसरे कारण क्लॅमिडिया नावाचा जिवाणू. यात बहुधा आधी एक डोळा सुजतो आणि काही दिवसांनी दुसरा. पापणीच्या आतला भाग लाल होऊन फुगतो. शिंका मात्र फारशा नसतात. विषाणूने डोळा दुबळा केला की इतर जिवाणूही आत शिरतात आणि पाण्यासारखा स्राव घट्ट, पिवळा-हिरवा होतो.

ही लक्षणे दिसताच थांबू नये

डोळ्यावर निळसर-पांढरा ढग दिसणे, डोळा पुढे आल्यासारखा वाटणे, रक्त येणे, पिल्लाने डोळा आवळून मिटून घेणे, दूध ओढण्याचे थांबवणे, अंग थंड व मलूल पडणे, यांपैकी एकही गोष्ट दिसली तर संध्याकाळपर्यंतही वाट पाहू नये. लहान पिल्लाच्या अंगात साठवलेली शक्ती फार थोडी असते.

घरी काय करावे?

औषधाच्या दुकानात मिळणारे नॉर्मल सलाइन, किंवा उकळून कोमट केलेले पाणी घ्यावे. हात साबणाने धुवावेत. पाण्यात भिजवून पिळलेला स्वच्छ गॉझचा तुकडा काही मिनिटे पापणीवर ठेवावा. खपली मऊ झाली की नाकाच्या बाजूकडून बाहेरच्या बाजूला अलगद पुसावे. प्रत्येक वेळी नवा तुकडा घ्यावा. एका डोळ्याचा दुसऱ्याला लावू नये. वाळलेली खपली नखाने ओढू नये. पुसून झाल्यावर पिल्लू कोरडे करून उबेत ठेवावे.

मलम घालताना पिल्लाला मऊ पंचात गुंडाळून मांडीवर घ्यावे. खालची पापणी किंचित ओढून तांदळाच्या दाण्याएवढे मलम आत सोडावे. ट्यूबचे टोक डोळ्याला लागू देऊ नये. थेंब आणि मलम दोन्ही दिलेले असतील तर आधी थेंब, पाच मिनिटांनी मलम. दोन दिवसांत डोळा स्वच्छ दिसला म्हणून औषध बंद करू नये. क्लॅमिडियाचा उपचार काही आठवडे चालतो आणि घरातल्या सगळ्याच मांजरांना घ्यावा लागतो.

हे मात्र टाळा

घरातल्या कुणाचे उरलेले डोळ्यांचे थेंब पिल्लाला घालणे सर्वांत धोक्याचे. त्यांत स्टिरॉइड असेल आणि कॉर्नियावर जखम असेल, तर जखम चिघळून डोळा फुटू शकतो. म्हणूनच पशुवैद्य आधी रंगद्रव्याचा थेंब टाकून जखम आहे का ते तपासतात. मध, गुलाबपाणी, बोरिक पावडर, काजळ यांपैकी काहीही घालू नये. ताप वाटला म्हणून पॅरासिटामॉल तर कधीच देऊ नये; मांजरासाठी ते विष आहे.

आई, इतर पिल्ले आणि घरची माणसे

‘माणसाचा हात लागला की मांजर पिल्ले टाकते’ या भीतीने उपचार टाळू नयेत. स्वच्छ हातांनी, थोडक्यात काम उरकले तर बहुतेक मांजरी पिल्लांना पुन्हा जवळ घेतात. पिल्लाला आईपासून तोडू नये. तिचे दूध आणि ऊब हेही औषधच आहे. खोक्यातली फडकी रोज बदलून गरम पाण्यात धुवावीत. नाक चोंदलेल्या मोठ्या पिल्लाला वास येत नाही म्हणून ते खात नाही. अन्न किंचित कोमट करून द्यावे.

पावसाळ्यात माणसांचे ‘डोळे येतात’ ती साथ सहसा वेगळ्याच विषाणूची असते. क्लॅमिडियाची लागण मांजरापासून माणसाला क्वचितच होते, तरीही पिल्लाला हाताळल्यावर मुलांनी हात धुतलेच पाहिजेत. रस्त्यावरून आणलेले पिल्लू चावले वा ओरबाडले, तर जखम साबण-पाण्याने पंधरा मिनिटे धुऊन लगेच डॉक्टरांकडे जावे.

पिल्लू साधारण आठ आठवड्यांचे झाले की लसीकरण सुरू करावे. सोळा आठवड्यांचे होईपर्यंत तीन-चार आठवड्यांच्या अंतराने पुढचे डोस द्यावेत. लसीमुळे हर्पीसची लागण पूर्ण टळत नाही, पण आजार सौम्य राहतो.

इतके करूनही एखाद्या पिल्लाचा डोळा जातो. त्याला टाकून देण्याचे कारण नाही. एका डोळ्याचे मांजर उड्या मारते, उंदीर पकडते आणि हक्काने मांडीवरही येऊन बसते. मात्र दोन्ही डोळे वाचवण्याची संधी पहिल्या एक-दोन दिवसांतच असते. म्हणून पिल्ले झाली की जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्याचा पत्ता आणि वेळ आधीच विचारून ठेवावी.