नळ कुणाचा, ओल कुणाची?

गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर जूचंद्रच्या आमच्या इमारतीत पहिल्या मजल्यावरच्या एका स्वयंपाकघराच्या छताचे प्लॅस्टर कोसळले. भरदुपारची वेळ होती, ओट्यापाशी कुणी नव्हते, म्हणून निभावले. शेगडी, डाळ-तांदळाचे डबे, मुलाची ओट्यावरच विसरलेली वही, सारे ढिगाखाली गेले. वरच्या मजल्यावर भाडेकरू राहतात. त्यांनी दहिसरला राहणाऱ्या मालकांना फोन लावला, तेव्हा मालकांचे उत्तर आले, ‘नळ तुम्ही वापरता ना? मग बघा तुमचे तुम्ही.’ भाडेकरूचे म्हणणे, ‘नळ मी वापरतो, पण भिंतीतला पाइप काही मी बसवलेला नाही.’ खालच्या बाईंना या वादाशी काही देणेघेणे नव्हते. त्यांना छत हवे होते. सोसायटीचा चिटणीस म्हणून तिघांच्याही तक्रारी माझ्याकडे आल्या, आणि या नळाच्या पाण्याला अखेर कायद्याचा उतार तरी कुठे मिळतो, हे शोधण्याची वेळ माझ्यावर आली.

बाहेरच्यांना जूचंद्र ठाऊक असते ते डोंगरावरच्या चंडिकादेवीमुळे आणि इथल्या रांगोळी कलाकारांमुळे. भातशेती आणि मिठागरांच्या कडेचे हे आगरी गाव. एका बाजूला नायगाव स्टेशन, दुसरीकडे वसई रोड–दिवा मार्गावरचे गावाच्याच नावाचे स्टेशन. मुंबईत घर परवडेना तशी माणसे या बाजूला सरकत आली. २००९ साली वसई-विरार महापालिका झाली, २०१४ साली पालघर जिल्हा वेगळा झाला, आणि या काळात चाळींच्या शेजारी टॉवर उभे राहिले. चाळीतल्या मालक-भाडेकरूंत भांडणे नव्हती असे मुळीच नाही. पण मालक बहुधा समोरच्याच अंगणात राहत असे आणि नळाचा पाइप भिंतीबाहेरून, डोळ्यांदेखत जात असे. गळती लागली की दोघांनाही एकाच वेळी दिसे. आता पाइप टाइल्सच्या आत गेला आणि मालक दहिसरला. पाइपही दिसत नाही, मालकही दिसत नाही. दिसते ती फक्त ओल, आणि तीसुद्धा तिसऱ्याच माणसाच्या घरात.

कायद्याचे पुस्तक उघडले तर पहिल्या वाचनात भाडेकरूला धीर येतो. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचे कलम १०८ सांगते की, जी दुरुस्ती करणे मालकावर बंधनकारक आहे ती त्याने सूचना मिळूनही वाजवी मुदतीत केली नाही, तर भाडेकरूने ती करून घ्यावी आणि खर्च भाड्यातून वळता करावा. त्याच कलमात भाडेकरूवरही जबाबदारी आहे. घर ज्या स्थितीत घेतले त्या स्थितीत परत द्यायचे, मात्र वापराने होणारी स्वाभाविक झीज सोडून. महाराष्ट्राचा १९९९ चा भाडे नियंत्रण कायदा ३१ मार्च २००० पासून अमलात आला. तो ज्या भागांना लागू आहे तेथे कलम १४ त्याहून स्पष्ट आहे. उलट करार नसेल तर घर राहण्याजोगे ठेवणे हे मालकाचे काम. भाडेकरूने किमान पंधरा दिवसांची नोटीस द्यावी, तरीही मालक हलला नाही तर दुरुस्ती स्वतः करावी आणि खर्च भाड्यातून कापावा. मात्र एका वर्षात ही कपात वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशाहून अधिक नको. महिना ८,००० रुपये भाडे धरले तर वर्षाला २४,००० रुपयांपर्यंत. नळाच्या बहुतेक कामांना एवढे पुरावे.

गंमत पुढेच आहे. आमचे वरच्या मजल्यावरचे गृहस्थ स्वतःला भाडेकरू म्हणवतात, आम्हीही त्यांना भाडेकरू म्हणतो, पण कागदोपत्री ते भाडेकरू नाहीतच. ते ‘लिव्ह अँड लायसन्स’वर राहतात, म्हणजे परवानाधारक. भाडे नियंत्रण कायद्यात या दोघांच्या व्याख्या वेगवेगळ्या आहेत आणि कलम १४ ने दिलेला हक्क भाडेकरूचा आहे. परवानाधारकाचे नाव त्यात नाही.

हे असे का झाले, त्याला इतिहास आहे. १९४७ च्या मुंबई भाडे कायद्याने जुन्या घरांची भाडी सप्टेंबर १९४० च्या पातळीला बांधून टाकली. तुटपुंज्या भाड्यात मालकांनी दुरुस्तीवरून हात काढून घेतला. मुंबईच्या जुन्या चाळींसाठी तर सरकारला १९६९ साली उपकर बसवून दुरुस्ती मंडळ काढावे लागले. पुढे १ फेब्रुवारी १९७३ रोजी घरात असलेल्या परवानाधारकांनाही कायद्याने भाडेकरू मानले, आणि घर एकदा दिले की गेले, ही धास्ती मालकांच्या मनात पक्की झाली. गोठवलेली भाडी आता अवाजवी ठरली आहेत, असे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९९७ मध्ये मालपे विश्वनाथ आचार्य यांच्या खटल्यात म्हटले आणि नव्या कायद्याची वाट मोकळी झाली. मालकांची धास्ती गेली नाही. तिचेच अपत्य म्हणजे हा अकरा महिन्यांचा करार. मालकांची भीती खोटी होती असे मी म्हणणार नाही. पण ती भागवताना दुरुस्तीचा हक्कही वाहून गेला, हे मात्र फारसे कुणाच्या ध्यानात आले नाही.

मग परवानाधारकाच्या हाती उरतो तो करारनामा. आमच्या प्रकरणातला करारनामा मी वाचला. एजंटाच्या संगणकातून निघालेला छापील मसुदा. ‘किरकोळ दुरुस्ती परवानाधारकाने करावी’, एवढे एक वाक्य. किरकोळ म्हणजे काय? नळाचा वायसर? की टाइल्स फोडून काढावा लागणारा पाइप? कागद गप्प. केंद्राने जून २०२१ मध्ये मंजूर केलेल्या आदर्श भाडेकरार कायद्यात याची सरळ वाटणी केलेली आहे. नळ आणि वायसर बदलणे, मोरी साफ ठेवणे, बेसिन, संडास आणि गिझरची दुरुस्ती भाडेकरूकडे, तर पाइप बदलणे मालकाकडे. पण तो नमुना आहे, राज्याने स्वीकारल्याखेरीज लागू होत नाही. तरी करारात ती यादी उतरवून घ्यायला कुणाची हरकत असणार आहे?

कायदा बाजूला ठेवला तरी पाणी कुठून आले हे कळल्यावाचून न्याय कसा करणार? आमच्या प्लंबरने मला याबाबतीत वकिलाहून जास्त शिकवले. त्याने वरच्या न्हाणीघराची जाळी बोळा घालून बंद केली, जमिनीवर रंग कालवलेले पाणी साठवले आणि एक दिवस थांबला. खाली रंग उतरला असता तर दोष वॉटरप्रूफिंगचा, म्हणजे बांधकामाचा. रंग उतरला नाही. मग घरातले सारे नळ बंद करून मीटरकडे पाहिले, तर काटा हळूहळू फिरतच होता. म्हणजे भिंतीतला जोड गेलेला. वापरणाऱ्याचा यात काय दोष? उलट पाणी गेलेले असताना नळ उघडा राहिला, घराला कुलूप लावून माणसे लग्नाला गेली आणि रात्री पाणी आले, असे घडले असते तर तो खर्च निःसंशय भाडेकरूचा. मोरीत भात आणि केस जाऊन ती तुंबली तर तोही त्याचाच. मिठागरांच्या शेजारी बोअरचे पाणी खारट लागते आणि खारट पाण्यात लोखंडी पाइप लवकर सडतो. तो नळ वापरणाऱ्याचा अपराध कसा म्हणावा?

हा वाद जूचंद्रपुरता नाही, हे वाचून मला जरा बरे वाटले. मेलबर्नमध्ये एका इमारतीच्या चौथ्या मजल्यावरचे बेसिन कुणीतरी मुद्दाम वस्तू कोंबून तुंबवले आणि नळ सोडून दिला. पाणी उतरून दुसऱ्या मजल्यावरच्या भाडेकरूचा माल भिजला. त्याने इमारतीच्या मालकावर दावा लावला आणि तो थेट लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेला. तेव्हा आपलीही अपिले तेथेच जात. १९१३ साली निकाल लागला, मालक जबाबदार नाही. घरात पाणी आणणे हा घराचा साधा, स्वाभाविक वापर आहे, आणि तिऱ्हाइताच्या खोडीबद्दल, निष्काळजीपणा नसताना, मालकाला धरता येत नाही. म्हणजे केवळ ‘घर माझे’ किंवा ‘नळ तुझ्या ताब्यात’ एवढ्याने जबाबदारी ठरत नाही. कुणी काय करायला हवे होते आणि केले नाही, हे पाहावे लागते.

खालच्या बाईंचा प्रश्न त्या मानाने सोपा. गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींप्रमाणे बाहेरच्या सामाईक वाहिन्या, टाक्या आणि गच्ची यांची दुरुस्ती सोसायटीची, घरातल्या सिंक-संडासाची गळती संबंधित सदनिकाधारकांची. सोसायटीचा सभासद मालक आहे, भाडेकरू नव्हे, म्हणून मी पत्र दहिसरच्या पत्त्यावर पाठवले. इमारत नवी असती तर आणखी एक दार होते. रेरा कायद्याने ताब्यापासून पाच वर्षांत दाखवलेला बांधकामाचा दोष बिल्डरने तीस दिवसांत विनामूल्य काढून द्यायचा असतो. पण तेही दार मालकानेच ठोठवायचे.

पत्र गेले, महिना गेला. प्लंबरचा मीटरचा निष्कर्ष लेखी मिळाल्यावर मालक नरमले. पाइप, टाइल्स आणि खालचे छत मिळून १८,००० रुपये त्यांनी दिले. वाद मिटला असे मी बैठकीच्या वहीत लिहिलेही. दोन महिन्यांनी करार संपला, भाडेकरूंनी घर सोडले, आणि ३०,००० रुपयांच्या डिपॉझिटमधून ‘भिंत खराब केली’ म्हणून ९,००० कापले गेले. भिंत फोडली होती ती पाइप काढण्यासाठी. नऊ हजारांसाठी वसईच्या कोर्टात किती खेपा घालायच्या, या हिशेबाने माणूस गप्प बसला. खरे न्यायालय हेच. ज्याच्या हाती डिपॉझिट, निकाल त्याचा.

तरी भाडेकरूच्या हाती काहीच नसते असे नाही. भाडे कायद्याचे कलम ५५ म्हणते की लिव्ह अँड लायसन्सचाही करार लेखी आणि नोंदलेला हवा, नोंदवण्याची जबाबदारी मालकाची, आणि तसा करार नसेल तर उलट सिद्ध होईपर्यंत अटींबाबत राहणाऱ्याचे म्हणणे ग्राह्य. डिपॉझिट देताना पावती आणि राहायला येण्याच्या दिवशी मोरी, सिंकखालचा कप्पा, न्हाणीघराची मागची भिंत यांचे तारखेसह फोटो. ओल दिसताच त्याच दिवशी मालकाला लेखी कळवणे. आमच्या भाडेकरूंनी तीन वेळा फोन केला होता, कागद एकदाही नाही.

त्या घरात आता नवे कुटुंब आले आहे. करारावर सह्या होण्याआधी मी एजंटाला म्हटले, भिंतीतल्या पाइपाची दुरुस्ती मालकाकडे, एवढी एक ओळ घाला. त्याने मसुदा वरपासून खालपर्यंत सरकवून पाहिला आणि म्हणाला, ‘साहेब, फॉरमॅटमध्ये तशी जागाच नाही.’