चेंडू मोजून कोपर वाचत नाही

२०२५ च्या इंग्लंड दौऱ्यात बुमराह पाचपैकी तीनच कसोटी खेळला, तर आपल्याकडे केवढा गदारोळ! अमेरिकेतल्या बेसबॉलवाल्यांचं हेच भांडण २०१२ मध्ये झालंय.

वॉशिंग्टन नॅशनल्सचा पिचर स्टीफन स्ट्रासबर्ग. वय २४. दोन वर्षांपूर्वी कोपराचं 'टॉमी जॉन' ऑपरेशन झालेलं. संघ गटात अव्वल, तरी सप्टेंबरमध्येच त्याला बसवलं. संघ प्लेऑफमध्ये सेंट लुईसकडून हरला आणि लोकांनी व्यवस्थापनाला धू धू धुतलं.

माझ्या मते निर्णय बरोबरच होता. ट्रॉफी संघाची असते, कोपर त्या पोराचं असतं. २०१९ मध्ये हाच स्ट्रासबर्ग वर्ल्ड सिरीजचा सर्वोत्तम खेळाडू ठरला.

पण गोष्ट तिथे संपत नाही. त्यानंतर २४.५ कोटी डॉलरचा करार झाला आणि पुढे जेमतेम आठ सामने खेळून त्याचं शरीर थांबलं.

म्हणजे नुसती मोजदाद पुरत नाही. प्रत्येक चेंडू जीव तोडून टाकायचा, ही सवयच घातक आहे. मेजर लीगच्या २०२४ च्या अहवालातही वेगाच्या याच हव्यासाकडे बोट दाखवलंय. निवड करणारे मात्र स्पीडगनचा आकडा बघूनच पोरं उचलतात. मग शाळकरी पिचर दुसरं काय शिकणार?

एका हाताने विश्रांती द्यायची, दुसऱ्या हाताने वेगालाच पैसे मोजायचे, हा दुटप्पीपणा झाला. अचूकतेला आणि टिकाऊपणाला आधी भाव द्या. नाहीतर वर्कलोड मॅनेजमेंट म्हणजे निव्वळ मलमपट्टी.

तुम्हाला काय वाटतं?