उरलेल्या लोकरीचे गोळे

सावंतवाडीच्या पावसाची ओळख तेथील गृहिणींना कोणी करून द्यायला नको. आंबोलीच्या डोंगराला अडलेले ढग जूनपासून रिते होऊ लागले, की घरात बाळ एकच असले तरी माजघरातल्या दांडीवर दुपटी मात्र दहा बाळांची दिसतात! शेगडीची ऊब देऊन ती वाळवायची कला आजी लेकीला शिकवते. पण लेक अमेरिकेत नांदत असेल, तर तिच्याकडे दांडी नसते, शेगडीही नसते. असते ते गरम हवेत कपडे घुसळून वाळवणारे यंत्र. अशा लेकीला आजीने काय बरे पाठवावे?

नातवंडासाठी टोपरे, मोजे, स्वेटर विणून झाले, की पिशवीच्या तळाशी लोकरीची गुंडाळी उरतेच. टाकवत नाही आणि पुरतही नाही. तिचेच गोळे करावेत.

मात्र आधी एक परीक्षा. हल्ली बाजारात मिळणारी बरीचशी ‘लोकर’ मेंढीची नसून ॲक्रिलिकची असते. तिचा तुकडा चिमट्यात धरून जाळून पाहावा. केस जळल्यासारखा वास येऊन चुरगळणारी राख झाली, तर ती खरी लोकर. वितळून टणक मणी झाला, तर ती आपल्या कामाची नाही. यंत्रात धुतली तरी आटू नये म्हणून प्रक्रिया केलेली लोकरही चालत नाही, कारण आटणे हेच तर येथे हवे आहे! लोकरीच्या तंतूवर बारीक खवले असतात. कढत पाणी, साबण आणि घुसळण मिळाली, की ते एकमेकांत अडकतात ते कायमचेच. नवा स्वेटर धुऊन बाहुलीच्या मापाचा होतो तो यामुळेच, आणि आपल्याकडचा बुरणूस न विणता तयार होतो तोही यामुळेच.

आता कृती. लिंबाएवढा घट्ट गोळा गुंडाळून लोकरीचे टोक क्रोशाच्या सुईने आत खुपसावे. जुन्या नायलॉनच्या पायमोज्यात गोळे भरून प्रत्येकानंतर सुती दोऱ्याने गाठ मारावी. मग धुण्याच्या यंत्रात कढत पाण्यात फिरवावेत. यंत्र नसेल तर साबण लावून कढत व गार पाण्यात आळीपाळीने चोळावेत. हात मात्र सांभाळावेत. धागे सुटे दिसेनासे होईपर्यंत हे दोन-तीन वेळा करावे. नंतर वरून आणखी लोकर गुंडाळून मोसंबीएवढा गोळा करावा व पुन्हा तसेच करावे. गडद रंगाची लोकर वेगळी ठेवावी. दुपट्यांना रंग लागला तर आजीचे नाव निघेल! दिवाळीनंतरचे ऊन या कामाला उत्तम. गोळा आतपर्यंत वाळायला काही दिवस लागतात, आणि ओला राहिला तर कुबट वास येतो.

यंत्रात चार-सहा गोळे टाकले, की ओले कपडे एकमेकांना बिलगून बसत नाहीत आणि मधून हवा खेळते. चमत्काराची अपेक्षा नको; पण कपडे मऊ करणारे रसायन वाचते. त्या रसायनाने दुपट्यांची पाणी शोषण्याची शक्ती कमी होते, म्हणून ते बाळाच्या कपड्यांना नसलेलेच बरे. सुवासासाठी गोळ्यावर तेल मात्र शिंपडू नये. गरम यंत्रात ते धोक्याचे.

आपल्याकडील धुण्याच्या यंत्राला जोडलेला ‘ड्रायर’ नुसते पाणी पिळून काढतो. त्यात गोळ्यांचे काही काम नाही. अशा घरांनी वाया गेलेला, आटलेला स्वेटर मुद्दाम आणखी आटवून चौकोनी कापावा. त्याचे धागे सुटत नाहीत. इस्त्रीखाली कांबळ्याची घडी घालतो, तसा तो उपयोगी पडतो. ठेवताना कडुलिंबाचा वाळलेला पाला घालावा, नाहीतर कसर लागते.

चितारआळीतली लाकडी खेळणी परदेशच्या पार्सलात जातातच. त्यांच्या शेजारी हे गोळे ठेवावेत. खेळणी बाळासाठी, गोळे त्याच्या आईसाठी. बाळंतपणाला जाणे आजीला जमले नाही, तरी रात्री दुपटी वाळवणाऱ्या लेकीच्या मदतीला तिचा हात पोचतो.