शाहिरांच्या वस्तीत दोन दिवस



मुंबईला आपण जातो ते डिसेंबरात चैत्यभूमीला, नाहीतर दवाखान्याला नि लग्नकार्याला. दर्शन झाले की परतीची गाडी. यंदा शनिवार-रविवार धरून आम्ही चौघे वेगळ्याच कामाला गेलो. मी, आमचे हे, अकरावीतला मुलगा आणि माझी आई.

कारण घरातलेच होते. माझे वडील ऊसतोडीला जात. दिवसभर मोळ्या बांधायच्या आणि रात्री कोपीपुढे डफ घेऊन गायचे. गाणी त्यांची स्वतःची. एका वहीत लिहिलेली होती, पण ती वही वाळवीने खाल्ली. एकदा मुलगा म्हणाला, "आजोबांचं एक गाणं कुठं छापलेलं नाही. मग त्यांना शाहीर कसं म्हणायचं?" आई काही बोलली नाही, उठून आत गेली. तेव्हाच मी ठरवले, याला माटुंग्याचा लेबर कॅम्प दाखवायचा.

मांजरसुंब्याच्या चौकातून रात्रीची गाडी धरली. पाटोदा, जामखेड, नगर करत सकाळी सायनला उतरलो. नात्यातल्या एका घरी तोंड धुऊन चहा घेतला आणि निघालो. लेबर कॅम्प हा धारावीचाच भाग. अरुंद गल्ल्या, दारात पाण्याची पिंपे, वर तारांचे जाळे. मुलगा म्हणाला, "इथं बघण्यासारखं काय आहे?"

त्याचे खरे होते. पुतळे, कमानी बघायला गेलात तर निराश व्हाल. ही वस्ती माणसांमुळे मोठी झाली. वाटेगावचे अण्णा भाऊ साठे, जन्म 1 ऑगस्ट 1920, लहानपणी आईबापाबरोबर पायी चालत मुंबईला आले. शाळा जवळजवळ नाहीच. मिळेल ते काम करत या कॅम्पात राहिले. इथल्या डासांवरच त्यांनी सुरुवातीचे गाणे रचले, असे सांगतात. 1944 साली अण्णा भाऊ, अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांनी लाल बावटा कलापथक उभे केले. अमर शेख आपल्या शेजारच्या बार्शीचे, मूळ नाव मेहबूब हुसेन पटेल. या तिघांनी गिरणगावात, मैदानात, रस्त्यावर हजारोंच्या सभा जागवल्या. पुढे संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत त्यांचा आवाज गावोगाव गेला. अण्णा भाऊंची एक छक्कड तर मुंबईला आलेल्या कामगाराची आणि गावी राहिलेल्या त्याच्या बायकोची आहे. दिवाळी झाली की कोयता घेऊन घर सोडणाऱ्या आपल्या लोकांना तिचा अर्थ वेगळा सांगायला नको.

याच कॅम्पात नाशिककडचा एक मुलगा मावशीकडे राहायला आला. तो म्हणजे बाबुराव बागूल. 'जेव्हा मी जात चोरली होती' हा त्यांचा कथासंग्रह 1963 साली आला आणि मराठी कथेला खडबडून जाग आली. वामनदादा कर्डकांचेही तसेच. लिहिता-वाचता न येणारा हा गडी मुंबईत आला, मोठेपणी अक्षर शिकला आणि पुढे जन्मभर बाबासाहेबांची गाणी लिहीत, गात हिंडला. हे सगळे मी मुलाला चालता चालता सांगत होते.

आई दमली म्हणून एका घराच्या पायरीवर टेकली. घरातल्या आजीबाईंनी न विचारता पाणी दिले, मग चहा. कुठल्या, काय, चौकशी झाली. "बीडकडच्या," म्हटल्यावर त्या म्हणाल्या, "मग एखादं गाणं म्हणा की." आईने पदर सावरला आणि वडिलांचे गाणे धरले. मी ते वीस वर्षांत ऐकले नव्हते. दोन कडवी आली. तिसऱ्याला आई थांबली. पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली, पुन्हा तिथेच अडली. "गेलं बाई," एवढेच म्हणाली. मुलाने बसचे तिकीट पालथे करून ती दोन कडवी त्यावर लिहून घेतली. त्याला कुणी सांगितले नव्हते.

रविवारी घाटकोपरच्या चिरागनगरात गेलो. इथल्या झोपडीत अण्णा भाऊंनी बरीच वर्षे काढली. त्यांची 'फकिरा' 1959 साली आली. ती त्यांनी बाबासाहेबांच्या लेखणीला अर्पण केली आणि 1961 साली तिला राज्य शासनाचा पुरस्कार मिळाला. तरी हलाखी सुटली नाही. 18 जुलै 1969 रोजी ते गेले. दीड महिन्याच्या आत, 29 ऑगस्टला, अमर शेखही अपघातात गेले. मुलगा बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "म्हणजे यांचं कुणीतरी छापलं म्हणून आपल्याला कळलं."

जाणार असाल तर दोन गोष्टी सांगते. ही माणसांची राहती घरे आहेत. विचारल्याशिवाय फोटो काढू नका, दारात घोळका करू नका. आणि जायचे तर लवकर जा. धारावीच्या पुनर्विकासाचे काम सुरू आहे. लोकांना चांगले घर मिळालेच पाहिजे, त्यात दुमत नाही. पण जुन्या गल्ल्या गेल्यावर कोण कुठे राहत होते हे सांगणारी माणसेही पांगतील.

परत आल्यावर मुलाने दोनशे पानी वही आणली. रोज संध्याकाळी आजीजवळ बसतो. आजवर सात गाणी उतरली. लेबर कॅम्पातल्या त्या गाण्याखाली त्याने अर्धे पान कोरे ठेवले आहे. आई म्हणते, आठवेल. मला तशी खात्री वाटत नाही.

भगिनींनो, तुमच्याही घरात जात्यावर, फडावर, जयंतीच्या मिरवणुकीत गाणारे कुणी असेल. मुंबई पुढच्या महिन्यात पाहा. वही मात्र आजच आणा, आणि पहिल्या पानावर गाणाऱ्याचे नाव लिहा.