लोकमत आणि लोकप्रतिनिधि

गतवर्षीं आमच्या एका वर्गांत वर्गप्रमुखाची निवड झाली. विद्यार्थी ५०, उमेदवार तिघे. पहिल्यास २०, दुसऱ्यास १७ व तिसऱ्यास १३ मतें पडलीं. पहिला विजयी झाला. परंतु ३० जणांनीं त्यास मत दिलेंच नव्हतें, हें एका चुणचुणीत मुलानें लागलीच दाखवून दिलें. त्याचा प्रश्न शाळेपुरता खचित नाहीं. प्रतिनिधींच्या राज्यांत लोकांची इच्छा खरोखर कितपत उमटते?

स्वतंत्र भारताची पहिली सार्वत्रिक निवडणूक १९५१-५२ सालीं झाली. तींत काँग्रेस पक्षास सुमारें ४५ टक्के मतें मिळालीं, तथापि लोकसभेच्या ४८९ जागांपैकीं ३६४ जागा त्याच्या पदरीं पडल्या. १९५१ सालींच ब्रिटनमध्यें तर मजूर पक्षास हुजूर पक्षाहून अधिक मतें पडलीं. पण जागा हुजूर पक्षास अधिक मिळून चर्चिलसाहेब मुख्य प्रधान झाले. यांत कोणाची लबाडी नव्हती. प्रत्येक मतदारसंघांत ज्यास सर्वांत अधिक मतें तो विजयी, या नियमानें मतें व जागा यांचा मेळ बसेलच असें नाहीं.

यावरून मतदान हें थोतांड आहे, असें म्हणणारे पुष्कळ भेटतात. आम्हांस तें मान्य नाहीं. मोजण्याच्या रीतींतील दोषापेक्षां मोजदादींतच न येणें हा फार मोठा अन्याय होय. त्या पहिल्या निवडणुकीच्या याद्या होत असतां असंख्य स्त्रियांनीं 'अमक्याची आई', 'तमक्याची बायको' एवढेंच सांगितलें. स्वतःचें नांव सांगितलें नाहीं. परिणामीं सुमारें २८ लक्ष स्त्रिया यादीबाहेर राहिल्या. त्यांस काय हवें होतें, हें कोणत्याहि नियमानें मोजतां आलें नसतें. (आमच्या विद्यार्थिनींनीं घरीं पणजीचें नांव विचारून पाहावें, किती जणांस तें ठाऊक आहे, तें कळेल.)

वर्गांत मग आम्हीं दुसऱ्या दिवशीं पहिल्या दोघांतच पुन्हां मतदान घेतलें. फ्रान्समध्यें राष्ट्राध्यक्ष निवडतांना ही रीत आहे. पहिल्यास २३ व दुसऱ्यास २७ मतें पडलीं. निकालानंतर नियम बदलला ही चूक आमचीच. तो आधींच ठरवावयास हवा होता. हरलेला मुलगा रुसला नाहीं. "सर, मग काल मी निवडून आलों, तें कोणाच्या इच्छेनें?" एवढेंच त्यानें विचारलें. त्याचें समाधान होईल असें उत्तर आम्हांस अद्याप देतां आलेलें नाहीं.