खासगीपणाचीही प्रतवारी
संगणक विकत घेणाऱ्याच्या मालकीचा. पण त्याच्या वापराच्या नोंदी मात्र मायक्रोसॉफ्टकडे जातात. विंडोजच्या ‘सेटिंग्ज’मधील ‘प्रायव्हसी’ विभागात ऐच्छिक माहिती पाठविणे आणि जाहिरातींसाठीचा ओळखक्रमांक ही दोन्ही बंद करता येतात. प्रत्येकाने ती अवश्य बंद करावीत. परंतु कंपनीने ‘आवश्यक’ ठरविलेली माहिती घरगुती आवृत्तीत थांबविता येत नाही. ती मुभा मोठ्या कंपन्यांच्या व शिक्षणसंस्थांच्या आवृत्त्यांनाच आहे. म्हणजे खासगीपणाचीही प्रतवारी झाली! २०१६ मध्ये फ्रान्सच्या माहिती-संरक्षण आयोगाने नोटीस बजावली, तेव्हा कुठे २०१७ पर्यंत कंपनीने विंडोज १० मधील किमान पातळीवर गोळा होणारी माहिती जवळजवळ निम्म्याने घटविली. एकट्याने बटण दाबून जे साधत नाही, ते कायद्याच्या बळावर साधते. आणि तसा कायदा घडविणे हे संघटित लोकशक्तीचेच काम आहे.