गेममधलं महायुद्ध आणि आपल्या दारातला 'कॅम्प'

उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूरच्या घरांतून हल्ली एकच तक्रार ऐकू येते. मगरिब झाली, इशाची वेळ झाली, तरी पोरगं हेडफोन लावून बसलंय आणि 'मध्येच टीम सोडता येत नाही' म्हणतंय. ऑगस्ट 2025 मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला, तेव्हा अनेक पालकांना वाटलं, चला, सुटलो! पण तसं नाही. बंदी आली ती पैसे लावून खेळायच्या गेमवर. ई-स्पोर्ट्सला उलट मान्यता मिळाली. 2020 मध्ये पबजी बंद झाला आणि पुढच्याच वर्षी नाव बदलून परत आला, हेही आपण पाहिलंय. म्हणजे बंदुकीच्या गेमचा निर्णय आपल्या घरातच घ्यायचा आहे.

वाया जाणाऱ्या वेळेची काळजी आहेच. पण हे गेम मुलांना इतिहासही शिकवतात, त्याची चर्चा कुणी करत नाही.

'हेल लेट लूज' हा दुसऱ्या महायुद्धावरचा गेम घ्या. 50 विरुद्ध 50 खेळाडू, नकाशे, डावपेच, सगळं हुबेहूब. त्यात एल अलामीनची लढाईही आहे. या लढाईत भारतीय सैनिकही होते, पण गेममध्ये भारताचं वेगळं दल नाही. त्या युद्धात 25 लाख भारतीय लढले, त्यांत लाखो मुसलमान होते. 1944 मध्ये इम्फाळजवळ शहीद झालेल्या जमादार अब्दुल हफीज यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. आपल्या किती मुलांना हे नाव माहीत आहे?

दुसरीकडे 'सिक्स डेज इन फलुजा' पाहा. 2004 मधल्या इराकच्या लढाईवरचा हा गेम. 2009 मध्ये टीका झाल्यावर कोनामी कंपनीने त्यातून अंग काढून घेतलं. 2021 मध्ये अमेरिकेतल्या मुस्लिम संघटनेने तो विकू नका अशी मागणी केली, तरीही 2023 मध्ये तो बाजारात आला. खेळणारा अमेरिकन सैनिक होतो आणि फलुजाची घरं नुसती शिरायची ठिकाणं होतात. विजयात आपलं नाव नाही, आणि निशाण्यावर मात्र आपल्यासारखेच चेहरे. मुलाच्या मनावर याचा काहीच परिणाम होत नाही, असं आम्ही मानत नाही.

गंमत म्हणजे ज्या युद्धाचा खेळ चालतो, त्याची खूण आपल्या दारातच आहे. 'कॅम्प तीन', 'कॅम्प चार' आपण रोज म्हणतो, पण कॅम्प कसला? दुसऱ्या महायुद्धात इथे लष्कराची कल्याण छावणी होती. फाळणीनंतर त्याच बराकींत सिंधमधून उखडलेली कुटुंबं आली आणि 1949 मध्ये उल्हासनगर हे नाव मिळालं. फाळणीने दोन्हीकडची घरं उठवली. युद्ध संपल्यावर माणसांचं काय होतं, हे गेम दाखवत नाही; ही गल्ली दाखवते.

म्हणून आमचं म्हणणं एवढंच: फोन हिसकावण्याआधी एकदा शेजारी बसा. 'यात तू कोण आहेस? समोरचा कोण आहे? त्याचं घर कुठलं?' हे तीन प्रश्न विचारा. वेळ ठरवून द्या आणि नमाजची वेळ सोडू नका. आणि एखाद्या रविवारी शेजारच्या सिंधी आजोबांकडे मुलाला घेऊन जा. औलाद ही अमानत आहे. तिला इतिहास कुणी सांगायचा, हे गेम कंपनीवर सोडून चालणार नाही.